पोक्सो खटल्यात 'सहायक व्यक्ती' म्हणून काम करावं का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

राष्ट्रीयीकृत बँकेतून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलगा नोकरीला लागलाय, हाताशी वेळ आहे. आमच्या जिल्ह्याच्या गावी एक बालगृह आहे, तिथल्या मुलींना गणित शिकवायला मी नोकरीत असल्यापासून रविवारी जाते. तिथल्या अधीक्षकबाईंनी परवा विचारलं, "मॅडम, बाल कल्याण समिती सहायक व्यक्तींची यादी करतेय. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, केसमधल्या मुलांसोबत राहायचं असतं. तुमचं नाव देऊ का?"

विचार करून सांगते म्हटलं आणि घरी आले. घरी अर्थातच रणधुमाळी. ह्यांचं म्हणणं, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये आणि तू हौसेनं चढायला निघालीस. जाऊबाई म्हणाल्या, असलं ऐकून तुझीच झोप उडेल. मुलाला काळजी, आरोपीची माणसं घरी आली तर?

मला विचारायचंय ते असं. नेमकं काम काय असतं? माझं शिक्षण बी.कॉम., कायद्याची पदवी नाही, तर चालतं का? आणि मुख्य म्हणजे आपण सोबत असल्यानं त्या मुलाला काही फरक पडतो, की नुसती कागदावर एक सही वाढते? ज्यांनी हे केलंय किंवा दुसऱ्या बाजूनं पाहिलंय त्यांनी लिहा. 'पुण्याचं काम आहे, नक्की करा' हे कृपया नको, ते मला भिशीतच मिळालंय.

चहाबाज

बँकेत होतात म्हणजे 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे वाक्य जन्मभर म्हटलं असेल. आता कोर्टात तेच ऐकायचं. फिटंफाट.

(धागा गंभीर आहे, माहीत आहे. बाजूला बसून वाचतो.)

गोदातीर

मी हे काम मराठवाड्यात एका संस्थेमार्फत करते. लांबण लागणार आहे, तेव्हा चहाबाजांनी आपलं आवडतं पेय घेऊन बसावं.

आधी पात्रता. समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा बालविकास यातली पदव्युत्तर पदवी लागते. नाहीतर साधी पदवी आणि मुलांचं शिक्षण, विकास किंवा संरक्षण या क्षेत्रातला निदान तीन वर्षांचा अनुभव. तुमचे गणिताचे रविवार इथे उपयोगी पडतील. बालगृहाकडून अनुभवाचं पत्र आजच मागून ठेवा. कायद्याची पदवी लागत नाही. वकील सरकार देतं, हवा तर पालक आपला लावतात. आपण त्यात नाही.

आता काम. गुन्हा दाखल झाला की पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. समिती मुलाच्या आणि पालकांच्या संमतीनं सहायक व्यक्ती नेमते. ही तरतूद पोक्सोच्या २०२० च्या नियमांत होतीच, पण 'नेमू शकते' असं वाचून बऱ्याच ठिकाणी कुणी नेमतच नसे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही मर्जीची बाब नाही. याद्या करायची धावपळ त्यानंतर सुरू झाली, तुमच्या अधीक्षकबाईंचा प्रश्न त्यातूनच आला असणार.

पहिला टप्पा जबाबाचा. कायदा म्हणतो, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्या, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी, गणवेश न घालता. प्रत्यक्षात निरोप येतो की ठाण्यात घेऊन या, कारण मॅडम एकच आणि त्या बंदोबस्तात. अशा वेळी कलम तोंडावर फेकून भांडलात की पुढचं वर्षभर त्याच ठाण्याशी गाठ असते. मी ठाणे अंमलदाराला म्हणते, "मॅडम मोकळ्या झाल्या की फोन करा, कितीही वाजू देत, आम्ही घरीच आहोत." बहुतेकदा जमतं. नाही जमलं तर लेखी अर्ज, आणि त्याची पोच घ्यायची.

मग मेडिकल, मग दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब. हे सगळं पहिल्या काही दिवसांत भराभर होतं. त्या दिवसांत घरी माणसांची रीघ असते. नंतर सामसूम. चार्जशीट गेलं का, आरोपीला जामीन झाला का, पुढची तारीख कधी, घरच्यांना कुणी काही सांगत नाही. एक दिवस आरोपी समोरच्या पानटपरीवर उभा दिसतो आणि आई मला फोन करून विचारते, "ताई, केस मिटली का?" माझं निम्मं काम या फोनला उत्तर देण्याचं आहे. सरकारी वकिलांना भेटायचं, रोजनामा म्हणजे कोर्टाच्या कामाची रोजची नोंद बघायची, ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारीख काढायची आणि घरी जाऊन साध्या भाषेत सांगायचं. उरलेलं निम्मं म्हणजे शाळा. मुलगी शाळेत जायची थांबलेली असते. कधी मुख्याध्यापकच दाखला घरी पाठवून देतात. तिला परत वर्गात बसवणं हे मला खटल्याच्या निकालापेक्षा कठीण गेलंय.

शिवाय तातडीची मदत. कपडे, धान्य, प्रवासखर्च यांसाठी समिती शिफारस करू शकते आणि ते पैसे आठवड्यात मिळायला हवेत असा नियम आहे. रोजंदारीवरची आई तारखेला आली की त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून हे मागायचंच. आणि खटला संपेपर्यंत दर महिन्याला समितीला अहवाल.

साक्षीचं उद्या लिहिते, आत्ता डोळे मिटताहेत.

वऱ्हाडी_ठेचा

मले एक सांगा, हे सगडं करून पोरीले भेटते काय? एका वर्षात केस संपवा असं कायद्यात हाये ना? आमच्या इकडे पोरीचं लगन होते, लेकरू होते, मंग समन्स येते.

गोदातीर

@वऱ्हाडी, कलम ३५ मध्ये आहे: दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण. त्या 'शक्यतो'त सगळं वाहून जातं. सासरी समन्स गेल्याचं मीही पाहिलंय. म्हणून मी पत्ता आणि फोन बदलला की सरकारी वकिलांना आणि पैरवी हवालदाराला (ठाण्याची कोर्टातली कामं बघणारा) लगेच कळवते. म्हणजे समन्स बेलिफच्या हातून नवऱ्याच्या दारात न पडता आधी फोन येतो. यासाठी कुठलं कलम नाही, ओळख लागते.

काळाकोट

मी फौजदारी वकिली करतो, आरोपींची वकीलपत्रं घेतो. शिव्या शेवटी एकदमच घाला.

सहायक व्यक्ती चांगली असेल तर मला त्रास होतो, हे आधी कबूल करतो. मूल घाबरलेलं नसतं, त्याला पुढची पायरी माहीत असते, कुटुंब तारखेला हजर असतं. पण सहायक व्यक्ती उत्साही असेल तर माझं काम सोपं होतं. उलटतपासाला मी सुरुवातच तिथून करतो: कोर्टात यायच्या आधी या ताई किती वेळा भेटल्या, काय बोलणं झालं, जबाब वाचून दाखवला का. 'ताईंनी सांगितलं होतं असं बोलायचं' एवढं एक वाक्य मुलाच्या तोंडून रेकॉर्डवर आलं की पढवलेला साक्षीदार म्हणून युक्तिवाद तयार. घटना खरी असूनही माणसं यावर सुटलेली मी बघितली आहेत. मुलावर प्रेम करणाऱ्या माणसानंच खटला बुडवला.

तेव्हा कृष्णाकाठ ताई, घटनेबद्दल मुलाशी एक अक्षर बोलू नका. मूल स्वतःहून बोललं तर ऐका, पण 'मग काय झालं?' असं विचारू नका. आणि तुमची वही जपून लिहा, ती कोर्टात मागवली जाऊ शकते.

गोदातीर

काळाकोट, शिवी नाही, उलट आभार. मी हेच लिहिणार होते.

साक्षीआधी मी मुलाला रिकामं कोर्ट दाखवते. न्यायाधीश कुठे बसतात, टंकलेखक कुठे, पडदा कुठे लावतात. आरोपी मुलाला दिसू नये अशी व्यवस्था करणं कोर्टावर बंधनकारक आहे. पडदा, एकतर्फी काच किंवा व्हिडिओ. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये असुरक्षित साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात वेगळं साक्ष केंद्र करायला सांगितलंय. जिथे झालंय तिथे वेगळं दार, खेळणी, सोफा. जिथे नाही तिथे लोखंडी कपाट आडवं लावून त्यावर चादर टाकलेली मी पाहिली आहे.

मुलाला मी इतकंच सांगते: पाणी मागता येतं. शू लागली तर सांगता येतं. प्रश्न कळला नाही तर 'कळलं नाही' म्हण. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हण, कुणी रागावणार नाही. खरं तेवढंच बोल. बास. आरोपीच्या वकिलांचे प्रश्नसुद्धा कायद्यानं न्यायाधीशांमार्फत विचारले जायला हवेत. काळाकोट, हे तुमच्याकडे किती पाळतात?

काळाकोट

न्यायाधीशांवर आहे. काही जण प्रत्येक प्रश्न स्वतः मुलाच्या भाषेत फोडून विचारतात. काही जण अर्ध्या तासात कंटाळतात आणि 'विचारा तुम्हीच' म्हणतात. आक्रमक प्रश्न आणि चारित्र्यावर शिंतोडे कलम ३३ मध्ये चालत नाहीत, आणि आता बहुतेक न्यायाधीश तिथे मध्येच थांबवतात. पंधरा वर्षांपूर्वी थांबवत नसत.

वाटसरू_९

सगळे एकाच सुरात बोलताहेत म्हणून दुसरी बाजू. माझ्या मावसभावाचा मुलगा वीस वर्षांचा, मुलगी सतराची. दोघं पळून गेले. मुलीच्या बापानं पोक्सो लावला, मुलगा तुरुंगात. मुलगी ओरडून सांगतेय की मी स्वतःहून गेले. अशा केसमध्ये तुमची सहायक व्यक्ती कुणाला सहाय्य करते? बापाला की सरकारला?

(संपादित: गाव आणि महाविद्यालयाचं नाव काढलं. - व्यवस्थापन)

व्यवस्थापन

पीडित व्यक्तीची ओळख पटेल असा कोणताही तपशील, म्हणजे नाव, गाव, शाळा, नातं, फोटो, लिहू नये. पोक्सो कलम २३ आणि भारतीय न्याय संहिता कलम ७२ नुसार तो गुन्हा आहे आणि तो या धाग्यालाही लागू आहे. 'ओळखीतली केस आहे, काय होतंय' ही सबब चालणार नाही.

झुळूक

वाटसरू, दरवेळी हा धागा निघाला की कुणीतरी 'पळून गेलेल्यां'वर नेतोच. मूळ प्रश्न चार-सहा वर्षांच्या पोरांचाही आहे हो.

वाटसरू_९

मी कुठे नाही म्हटलं? पण ही प्रकरणंही त्याच कोर्टात, त्याच कायद्याखाली येतात ना. उत्तर द्या की.

गोदातीर

प्रश्न रास्त आहे, झुळूक. मला यात सगळ्यात जास्त त्रास झालाय.

वयाची रेषा १८. सतराव्या वर्षी मुलीची संमती कायद्याला ऐकूच येत नाही. पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोषी ठरलेल्याला शिक्षा सुनावली नाही, कारण नेमलेल्या समितीला दिसलं की त्या मुलीला त्या संबंधापेक्षा नंतरच्या पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांनी आणि त्याला सोडवण्याच्या धडपडीनं जास्त भरडलं होतं. पण तो निकाल त्या प्रकरणापुरता, कायदा तोच आहे.

अशा मुलीबरोबर मी असते तेव्हा मी तिच्या बाजूची. बापाच्या नाही, सरकारच्याही नाही. ती म्हणाली मला बापाच्या घरी जायचं नाही, तर समितीसमोर ते तिला सांगता यावं हे बघायचं. कोर्टात ती काय बोलेल ते तिचं तिनं ठरवायचं. शिक्षा व्हावी म्हणून मी तिला ढकलणार नाही आणि मुलगा सुटावा म्हणूनही नाही.

झुळूक

हे मला पटत नाही. मग फितुरीचं काय? साक्षीच्या आदल्या रात्री मामा येतो, काका येतो, दोन लाख ठेवतो, आणि सकाळी मुलगी म्हणते काही झालंच नाही. तेही 'तिचं तिनं ठरवलं' म्हणून सोडून द्यायचं? तुम्ही तटस्थ राहिलात की मैदान मामालाच मोकळं.

गोदातीर

नाही, तिथे सोडायचं नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या वतीनं मामा ठरवतो तेव्हा तो तिचा निर्णय नसतोच. दबाव येतोय असं दिसलं की मी समितीला लिहिते, सरकारी वकिलांना सांगते, तपासी अंमलदाराला कळवते. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून आहे, तिचा अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या समितीपुढे जातो. पण पोलीस संरक्षण कशापासून देणार? धमकी क्वचित येते. येतो तो मामा पेढे घेऊन, पोरीच्या लग्नाची काळजी घेऊन, 'झालं गेलं गंगेला मिळालं' घेऊन. आणि आई थकलेली असते. त्या रात्री आईशेजारी कुणीतरी बसलेलं असणं एवढाच त्यावर उपाय मला सापडलाय, आणि तोही दरवेळी चालत नाही.

काळाकोट

कायदेशीर भर: पोक्सोचा गुन्हा तडजोडीचा नाही. पूर्वी उच्च न्यायालयात दोन्ही बाजू हसत हसत जाऊन खटला रद्द करून आणायच्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तडजोड झाली म्हणून असा खटला रद्द होत नाही. त्यामुळे आता सगळं ओझं साक्षीवर आलंय. झुळूक म्हणतात तो मामा पूर्वी उच्च न्यायालयात जायचा, आता स्वयंपाकघरात येतो.

डॉ_खुर्द

ग्रामीण रुग्णालयात बरीच वर्षं काढली, म्हणून माझ्या टेबलाकडून.

एक, तपासणीसाठी पोलिसांचं पत्र आणल्याशिवाय हात लावणार नाही, असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. उपचार आधी. पीडितेला सरकारी काय किंवा खासगी काय, रुग्णालयानं मोफत उपचार द्यायचेच आहेत, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३९७ ला आहे. दोन, मुलीला संबंधांची सवय आहे का हे बघायच्या नावाखाली होणारी दोन बोटांची चाचणी. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ती चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये सांगितलं की जो करेल तो गैरवर्तणुकीचा दोषी. तरी जुने छापील फॉर्म कुठे कुठे शिल्लक आहेत, त्यात तो रकाना दिसला तर सोबतच्या माणसानं बोट ठेवावं. तीन, एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, आणि गर्भनिरोधक गोळीही जितकी लवकर तितकी बरी. पोलिसांच्या कागदपत्रांत हे तास जातात. सहायक व्यक्ती घड्याळाकडे बघणारी असली पाहिजे, कारण त्या खोलीत बाकी सगळे कागदाकडे बघत असतात.

मुलीची तपासणी महिला डॉक्टरनं करायची आणि तिचा विश्वास असलेलं माणूस सोबत राहू शकतं. माझ्याकडे महिला डॉक्टर नसायची तेव्हा जिल्ह्याला पाठवावं लागायचं. रुग्णवाहिकेत सोबत कोण, हा प्रश्न दरवेळी. बऱ्याचदा आशाताई जायची, बिनपगारी.

चहाबाज

अवांतर: कोर्टात संडास कुठे असतो हे आधी शोधून ठेवा. मी जमिनीच्या दाव्यात वडिलांसोबत तालुका कोर्टात जायचो. बायकांच्या संडासाची किल्ली नाझराकडे (कोर्टाचा कर्मचारी) आणि नाझर जेवायला. लहान पोरीला घेऊन बसणार असाल तर याचं महत्त्व कलम ३३ एवढंच आहे.

गोदातीर

@चहाबाज, हसू नका कुणी. एकदा याच कारणानं साक्ष पुढच्या तारखेवर गेली आहे.

दोन_चाकी

मी या धाग्यावर बसत नाही कदाचित, पण लिहितो. माझ्या मोठ्या भावाचा खून झाला. तो सज्ञान होता, त्यामुळे ना बाल कल्याण समिती, ना सहायक व्यक्ती. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. आरोपीला जामीन झाल्याचं आम्हाला दूधवाल्यानं सांगितलं. पोस्टमॉर्टेमचा अहवाल कुठे मिळतो, मोबाइल परत कधी मिळणार, वहिनीनं विम्यासाठी कुठला कागद लावायचा, सगळं ठेचा खात शिकलो. तुम्ही लोक ज्या मुलांसोबत उभे राहता ते चांगलंच आहे. पण खून झालेल्याच्या घरी कुणीच येत नाही, समाचाराला आलेले सोडून.

काळाकोट

दोन_चाकी, वाईट वाटलं. उपयोगाचं तेवढं सांगतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि मृताचे वारस पीडित या व्याख्येत येतात. वकील असेल तर चार्जशीटची प्रत मिळते. जामिनाला विरोध करताना तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. लखीमपूर खेरीच्या प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पीडिताला प्रत्येक टप्प्यावर बोलायचा हक्क असल्याचं म्हटलंय. आरोपी सुटला तर तुम्ही स्वतः अपील करू शकता, २००९ च्या दुरुस्तीपासून. आणि भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वहिनींच्या नावे अर्ज करा, निकालाची वाट बघायची गरज नाही.

दोन_चाकी

शेवटचं कुणीच सांगितलं नव्हतं. उद्या वहिनीला घेऊन जातो.

अण्णा_सातारकर

थोडा इतिहास, कारण नव्या पिढीला वाटतं हे सगळं दिल्लीहून आलं. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं ती फिरवली. त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातले रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार आपल्याकडचेच. उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार हे दुसरे दोघे. त्यातून आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढच्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, म्हणजे समाजकार्यकर्ती थेट पोलिसांच्या आवारात बसायला लागली. आणि २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात अत्याचार सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र निघालं. तेव्हा कृष्णाकाठताई, ही वाट मळलेली आहे.

हडसनकाठी

मी अमेरिकेत न्यूजर्सीत राहते, इथल्या पीडितांना मदत करणाऱ्या एका केंद्राच्या हेल्पलाइनवर रात्रपाळीला स्वयंसेवक आहे. प्रशिक्षण घेतल्याशिवाय फोनला हात लावू देत नाहीत.

इथे मदतनिसांचे दोन प्रकार आहेत. एक, सरकारी वकिलांच्या कार्यालयातली मदतनीस, ती पगारी, खटल्याची माहिती देते, पण तिला कळलेली गोष्ट आरोपीच्या बाजूला द्यावी लागू शकते. दुसरा, आमच्यासारख्या स्वतंत्र केंद्रांतला, ज्यांना बऱ्याच राज्यांत गुप्ततेचं कायदेशीर संरक्षण असतं. पीडितेला पहिल्याच भेटीत सांगावं लागतं की समोर कोण बसलंय. गोदातीर, तुमची वही कोर्टात जाऊ शकते हे वाचून म्हणूनच थबकले.

पैसा येतो तो १९८४ च्या कायद्यानं काढलेल्या निधीतून, आणि तो करातून नाही, संघीय गुन्हेगारांच्या दंडातून भरतो. अलीकडे दंड कमी जमा झाला आणि केंद्रांना कात्री लागली.

मराठी बायकांचे फोन येतात. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली असते, पहिला प्रश्न मार किती लागलाय हा नसतोच. 'पोलिसांना सांगितलं तर मला परत पाठवतील का?' हा असतो. तपासात मदत करणाऱ्या पीडितांसाठी यू व्हिसा आहे, पण वर्षाला १०,००० ची मर्यादा आणि रांग अनेक वर्षांची. ते सांगताना माझी जीभ अडखळते.

वऱ्हाडी_ठेचा

तिकडे बी रांग हाये म्हणजे. बरं वाटलं म्हणू की वाईट, समजेना.

झुळूक

मानधनाचं कुणीच बोललं नाही. 'सेवा' म्हणून बायकांकडून फुकट काम करून घ्यायची आपली जुनी खोड आहे.

गोदातीर

नियमात आहे: कुशल कामगाराच्या किमान वेतनाइतकं तरी मानधन द्यायला हवं. ते कधी येतं ते विचारू नका. मागत राहा मात्र.

पैशावरून आठवलं. कृष्णाकाठ, तुमच्या बँकेच्या नोकरीचा उपयोग तुम्हाला वाटतो त्याहून मोठा आहे. अत्याचारपीडितांना पैशाची मदत देणारी राज्य सरकारची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, आता दहा लाखांपर्यंत मदत मंजूर होते, मोठा भाग मुलीच्या नावे मुदत ठेवीत. मंजुरीचं पत्र येतं आणि पैसे तिथेच अडकतात. मुलीचं खातं नाही. खातं आहे तर पालक म्हणून बाप, आणि आरोपी तोच. आधारवर नाव एक, फिर्यादीत दुसरं. बँकांचं विलीनीकरण झालं, शाखेचा आयएफएससी बदलला, पासबुकावर जुनाच, पैसे परत. शाखेत जाऊन बोलायला मला जमत नाही, तिथला अधिकारी माझ्याकडे असा बघतो की मीच कर्ज बुडवलंय.

कृष्णाकाठ

सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. ह्यांनाही वाचायला दिले. काळाकोटांचा वाचून म्हणाले, हा माणूस बरा दिसतो.

गोदातीर, बँकेचं ऐकून मला राहवलं नाही. अल्पवयीन मुलाचं खातं आई पालक म्हणून उघडू शकते, बापाची सही लागत नाही. रिझर्व्ह बँकेची ही सूचना फार जुनी आहे आणि तरीही काउंटरवरची पोरं 'वडिलांना घेऊन या' म्हणतात. दहा वर्षांवरचं मूल स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू शकतं. नावातल्या फरकासाठी बहुतेक शाखा प्रतिज्ञापत्र मागतील, ते मंजुरीआधीच करून ठेवायचं. आणि खातं झाल्यावर एक रुपया पाठवून बघायचा, जातो का. तुमच्या अडलेल्या प्रकरणांत कुठलं कलम किंवा परिपत्रक लागेल ते व्यक्तिगत निरोपात विचारा, नावं न लिहिता.

झुळूक आणि गोदातीर यांच्या भांडणात माझा कल झुळूककडे होता, पण त्या सतरा वर्षांच्या मुलीचं वाचून हललाय. मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन अडचणी उरल्यात. आमचा तालुका लहान, ओळखीच्याच घरातली केस आली तर? आणि नाव देण्याआधी एखादं कोर्ट आतून बघावं म्हणते, कधी पाहिलेलं नाही. पोक्सोचं कामकाज बघायला बसू देतात का?

गोदातीर

ओळखीची केस आली तर समितीला लेखी कळवून नकार द्यायचा, दुसरी व्यक्ती नेमतात. नातं, शेजार, देणंघेणं, काहीही असलं तरी. आणि चारित्र्य पडताळणी लागेल, तिचा अर्ज आधीच करून टाका, वेळ लागतो.

काळाकोट

पोक्सोचं कामकाज बंद दालनात चालतं, बसू देणार नाहीत. जिल्हा न्यायालयात खुनाचा खटला साक्षीवर असेल तिथे मागच्या बाकावर जाऊन बसा. साडेदहाला पोचा, अकराला कोर्ट बसतं. फोन बंद. पायावर पाय टाकून बसू नका, पट्टेवाला ओरडतो. सरतपास, म्हणजे साक्षीदाराला त्याच्याच बाजूच्या वकिलानं विचारलेले प्रश्न, सोडा, उलटतपास बघा.

चहाबाज

आणि किल्ली नाझराकडे.